दुसऱ्यांदा घेतलेला दहीभात

"पानावर बसलीस की तोंड घासापुरतंच उघडायचं. समोर आग लागली तरी. आणि बोललीसच, तर पान सोडून उठायचं. त्या दिवशी मग पुन्हा अन्न नाही." मैनाआत्यांचा आवाज मला अजून तसाच ऐकू येतो, थोडा नाकातला, शेवटचा शब्द दाबून म्हणणारा. माझ्या वडिलांची ही थोरली बहीण. माझ्या लग्नाला आठ दिवस राहिले होते, मी एकोणीस वर्षांची, आणि त्यांच्यापाशी मला घालायला सोनं नव्हतं म्हणून त्यांनी मला आपला नेम दिला. मौनाने जेवायचा. एकतीस वर्षं मी तो सांभाळला. मोडला दोनदाच : अभिनव रांगत रांगत पेटत्या स्टोव्हकडे गेला तेव्हा, आणि दीड वर्षापूर्वी दवाखान्यातून यांच्याबद्दलचा फोन आला तेव्हा. दोन्ही वेळा मी पान सोडून उठले आणि त्या दिवशी पाण्यावर राहिले. त्याचं मला कधी काही वाटलं नाही. काल नेम मोडला नाही. काल मी तो अगदी काटेकोर पाळला, आणि तेच मला लागून राहिलं आहे.

झालं ते इतकंच. काल शुक्रवार होता. दुपारी एकच्या सुमारास, खडकीच्या आमच्या कारखान्यात, ऑफिसच्या मागच्या खोलीत मी डबा उघडून बसले होते. समोर माझा मुलगा अभिनव, आणि त्याच्या शेजारी रुपाली खळदकर नावाची सल्लागार बाई. पस्तिशीची असेल. सकाळी नऊपासून ती आमच्या भट्टीपाशी उभी होती. साडेतीन तास. कुणी खुर्ची दिली तर तिच्यावर स्वतःची पर्स ठेवली आणि ती उभीच राहिली. ओढणीला तेलाचे डाग, पायात पुरुषांसारखे जाड बूट. मी पहिला घास घेतला आणि तिने विचारलं, "काकू, भट्टीवरच्या चाचांना निळा रंग दिसत नाही. तुम्हाला हे माहीत होतं का?"

विचारताना तिच्या आवाजात आरोप नव्हता, तेच कठीण गेलं. अभिनवच घाईने म्हणाला, "मॅडम, आई जेवताना बोलत नाही. तिचं व्रत आहे."

"बरं," ती म्हणाली. "जेवा सावकाश, काकू. मी थांबते."

आणि ती खरोखरच थांबली. कुठलाही कागद न चाळता, माझ्या डब्याकडे न बघता, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून. मी पोळीचे इतके लहान तुकडे केले की एखाद्या आजाऱ्याला भरवतात तसे. भाजी संपली. दहीभात झाला. मग मी डब्याच्या खालच्या पुडातला, अभिनवसाठी ठेवलेला दहीभात काढून घेतला. मी आयुष्यात कधी दुसऱ्यांदा भात घेतलेला नाही. अभिनवने माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं असेल, आईला आज भूक आहे. मी एकेक शीत मोजल्यासारखी जेवत राहिले. पावणेदोनला तिने घड्याळ पाहिलं. "मला दोनला भोसरीत पोचायचंय," ती अभिनवला म्हणाली. अभिनव म्हणाला, "आईला कसं माहीत असणार? ती शॉप फ्लोअरवर जातच नाही." मी मान हलवली नाही. हो अशीही नाही आणि नाही अशीही नाही. ती दोन क्षण माझ्या तोंडाकडे, चावणाऱ्या तोंडाकडे, पाहत राहिली आणि मग पर्स उचलून गेली. तिच्या स्कूटरचा आवाज फाटकापलीकडे गेल्यावर मी हात धुतले. भातात मीठ होतं की नव्हतं, मला आठवत नाही.

आम्ही स्प्रिंगा करतो. तीनचाकीच्या आणि टेम्पोच्या ब्रेकमध्ये एक लहान स्प्रिंग असते, पाय उचलला की ब्रेकला मागे ओढून आणणारी. हाताच्या बोटाएवढी. ती सैल असली तर ब्रेक लागतो पण नीट सुटत नाही, चाक घासत राहतं, तापत राहतं, आणि उतारावर नको तेव्हा दगा देतं. यांनी हे मला लग्नानंतर पहिल्या महिन्यात सांगितलं होतं, पोळी लाटण्याच्या लाटण्याला दोरी गुंडाळून. हिंमतरावांना, माझ्या यजमानांना, बायकोला काही समजावून सांगताना लाज वाटायची नाही, त्या काळी वाटायची लोकांना. स्प्रिंगेची तार आधी वळवायची, मग भट्टीत तापवायची. तापवताना पोलादावर रंग चढतात : आधी वाळल्या गवतासारखा, मग तपकिरी, मग जांभळा, आणि मग निळा. निळा आला की त्याच क्षणी काढायची. निळा उतरून राखाडी झाला तर स्प्रिंग मेली, नुसती तार राहिली. "निळा फार थोडा वेळ असतो," हे म्हणायचे, "आणि तो मैनुद्दीनला दिसतो." मैनुद्दीन कसब्यातले. त्यांचे वडील तांब्याची भांडी ठोकायचे. अठ्ठावीस वर्षं ते आमच्या भट्टीवर आहेत. भट्टीचा दरवाजा उघडून, लांब चिमट्याने एक स्प्रिंग काढून, उत्तरेच्या खिडकीपाशी नेऊन बघायची, आणि मान हलवायची. त्यांनी मान हलवली की माल बाहेर. ही आमची सगळी विद्या.

मग गेल्या ऑगस्टात त्या मोठ्या कंपनीचं, जिला आमचा जवळजवळ सगळा माल जातो, तिचं पत्र आलं. येत्या ऑगस्टपासून आयएसओचं प्रमाणपत्र असलेल्यांकडूनच माल घेऊ. जगभर आता असंच चाललं आहे, बाहेरच्या कंपन्या येणार, बाहेर गाड्या जाणार, सगळं लिहून ठेवलेलं असायला हवं. अभिनवने पत्र मला मराठीत वाचून दाखवलं. तो इंजिनियर. संगणकाच्या एका कंपनीत आठ महिने होता. हे गेले आणि तो ती नोकरी सोडून आला, कुणी सांगितलं नव्हतं तरी. त्याच्याबरोबरचे चौघे दोन हजार सालच्या त्या तारखांच्या घोटाळ्याचं काम करायला अमेरिकेत गेले. "ते न्यू जर्सीत आहेत आणि मी तुझ्या स्प्रिंगांत," असं तो हसत हसत म्हणतो. हसत म्हणतो म्हणून मला जास्त लागतं. प्रमाणपत्र मिळवायचं तर कुणीतरी जाणकार सल्लागार नेमायला हवा, हे सगळ्यांनीच सांगितलं. कुणाला नेमायचं, हे कुणीच सांगितलं नाही. भागीदारीच्या कागदांत माझं नाव आधी आहे. नेमणुकीच्या पत्रावर सही माझी लागते.

पहिले आले ते बंडगार्डन रस्त्यावरच्या काचेच्या इमारतीतले. त्यांच्याकडून श्रीनिवास म्हणून एक तरुण आला होता, गळ्यात टाय, हातात पातळ संगणक, मला 'आंटी' म्हणणारा. वाकून नमस्कारसुद्धा केला. आधी आम्हीच त्यांच्याकडे गेलो होतो. पायाखाली इतका मऊ गालिचा की मी चपला काढू लागले, तेव्हा फोनजवळची मुलगी म्हणाली, "राहू दे आंटी, सगळेच घालून येतात." तिच्या बोलण्यात हसू होतं की नाही ते कळलं नाही. श्रीनिवासने भिंतीवर चित्रं पाडून दाखवली, बाण, गोल, पुन्हा बाण. चार महिन्यांत प्रमाणपत्र, त्यांचं एकही गिऱ्हाईक आजवर नापास नाही. कारखान्यात तो पाऊण तास होता. त्यातली दहा मिनिटं भट्टीपाशी. भट्टीवर एक तापमापकाची चकती आहे, तिचा त्याने फोटो घेतला. आठ दिवसांनी आलेल्या त्याच्या जाडजूड प्रस्तावात ती चकती होती, तिला नंबर दिला होता, आणि शेजारी लिहिलं होतं की तापमान या उपकरणावर पाहून नोंदवलं जातं. अभिनवने ते मला कौतुकाने दाखवलं. "बघ आई, किती प्रोफेशनल." मी म्हटलं, छान आहे. ती चकती किती वर्षांपासून बंद आहे हे मला माहीत होतं. हे तिला 'दाराचं तोरण' म्हणायचे. पण मी म्हटलं, छान आहे.

रुपाली खळदकरची संस्था म्हणजे ती आणि तिचे एक निवृत्त साहेब, कर्वे रस्त्यावर झेरॉक्सच्या दुकानावर दीड खोली. अभिनवच्या मित्राने नाव सुचवलं म्हणून बोलावलं, तेही 'कंपॅरिझनसाठी'. काल सकाळी ती आल्या आल्या भट्टी थंड असतानाच तिच्याजवळ गेली आणि त्या चकतीकडे पाहत म्हणाली, "भट्टी बंद आहे ना? मग हा दोनशे ऐंशी कुणाचा ताप दाखवतोय?" आमचा मच्छिंद्र, तार वळवणारा, खो खो हसला. अभिनव लाल झाला. मैनुद्दीन हसले नाहीत. ते दाढीवरून हात फिरवत राहिले. मी ऑफिसच्या काचेतून बघत होते. मग तिने त्यांना काहीच विचारलं नाही, नुसती उभी राहिली. एका खेपेला तिने त्यांच्या मागून खिडकीतून स्वतःही स्प्रिंगेकडे पाहिलं, नंतर मान वळवून त्यांच्याकडे. मैनुद्दीन अजून मान हलवत नव्हते. थांबले होते. मला त्या क्षणी ओरडावंसं वाटलं, चाचा, काढा. इतक्या लांबून मला निळा दिसत होता असं नाही. पण तिच्या चेहऱ्यावर तो आला आणि गेला, ते दिसलं. साडेबाराला मैनुद्दीन नेहमीप्रमाणे नमाजाला गेले, शुक्रवारी ते पुढे घरीच जातात. आणि मग ती जेवणाच्या खोलीत आली.

मला माहीत होतं. मार्गशीर्षातल्या तिसऱ्या गुरुवारपासून माहीत होतं. त्या दिवशी मी घरी चौरंगावर कलश मांडला होता, पाच पानं लावली होती, पोथी अर्धी झाली होती, आणि दारात नूरबानू आली. मैनुद्दीनची बायको. तिचा रोजा होता, यंदा रमजान आणि मार्गशीर्ष एकत्र आले होते. माझी पोथी संपेपर्यंत ती उंबऱ्याजवळच पाय पोटाशी घेऊन बसून राहिली. वाचताना माझं लक्ष तिच्या ओढणीकडे जात होतं, गडद निळी, नवी असावी. पोथी संपल्यावर ती म्हणाली, "वहिनी, ही ओढणी घेतली आणि यांना विचारलं, रंग कसा आहे. तर म्हणाले, राखाडी कशाला घेतलीस, म्हातारी दिसशील." मला आधी हसू आलं. नवरा-बायकोचं बोलणं वाटलं. तिने माझं हसू पाहिलं आणि ओढणीचा पदर तोंडाशी नेला. मग मला कळलं ती काय सांगते आहे. सरकारी दवाखान्यात मोतीबिंदू सांगितला होता. दोन्ही डोळ्यांत. "अभिनवदादांना नका सांगू. ईद झाली की ऑपरेशन करून घेऊ. पंधरा दिवसांचा प्रश्न. मालक असते तर मी त्यांना सांगितलं असतं, पण दादा शिकलेले आहेत, ते लगेच माणूस बदलतील." मी म्हटलं, नाही सांगणार. तिने कलशाकडे पाहिलं. मला वाटतं तिने सहज पाहिलं असेल. पण मी तिच्या नजरेमागून गेले आणि कलशाला हात लावून म्हणाले, "माझ्या तोंडून जाणार नाही." असा शब्द कुणी मागितला नव्हता.

ईद झाली. मग थंडी फार होती. मग त्यांच्या मुलीचं बाळंतपण. मी दर आठवड्याला विचारायचे, ती म्हणायची, करू वहिनी. जानेवारीच्या शेवटी कंपनीकडून आठ स्प्रिंगा परत आल्या, सैल म्हणून. अभिनवने तार पुरवणाऱ्याशी भांडण काढलं. मी त्या आठ स्प्रिंगा खोक्यात बघितल्या. मेलेल्या राखाडी. त्या दिवशी मी जप दुप्पट केला. देवापुढे बसलं की मला शांत वाटायचं, आणि शांत वाटलं की वाटायचं, काही होणार नाही. रस्त्यावर मात्र तीनचाकी जवळून गेली की मी थबकायचे. लक्ष्मी रस्त्यावर एकदा एका रिक्षाच्या मागच्या चाकातून जळका वास आला, आणि मी त्या रिक्षावाल्याला हाक मारायला तोंड उघडलं. काय सांगणार होते? तोंड मिटलं. माझं तोंड मिटणं सगळ्यांना फार आवडतं. सासरी पहिल्या दिवसापासून. "इंदू म्हणजे आवाज नाही," असं हेसुद्धा म्हणायचे, कौतुकाने. नातेवाईक लग्न जुळवताना, भांडण मिटवताना मला मध्ये बसवतात, कारण मी काही बोलत नाही आणि त्यांना वाटतं माझं कुणाविरुद्ध काही नाही. देवळातल्या बायका म्हणतात, इंदुबाईंच्या चेहऱ्यावर तेज आहे. काल दुपारी तो चेहरा दहीभात चावत होता.

जेवण झाल्यावर मी चूळ भरली, आणि आता बोलायला मोकळी झाले, तर अभिनवच बोलत होता. "आई, ही बाई डेंजरस आहे. मला जाताना काय म्हणाली माहितीये? म्हणाली, मी प्रस्ताव देईन, पण त्यातलं पहिलं काम हे की केव्हापासूनचा माल संशयित आहे ते शोधायचं आणि कंपनीला स्वतःहून कळवायचं. स्वतःहून! आपणच पत्र लिहायचं, आमचा माल परत पाठवा म्हणून. अगं, दुसऱ्या दिवशी आपलं नाव कापतील ते." मी विचारलं, "आणि चाचांचं?" "चाचांना आत्ताच सन्मानाने घरी पाठवू. शाल, श्रीफळ, सगळं. नवीन मापक बसवू. श्रीनिवासच्या लोकांना हे काही कळायचं कारण नाही. कागदावर सगळं आजपासून क्लीन." त्याने काचेच्या इमारतीवाल्यांच्या नेमणुकीचं पत्र माझ्यासमोर ठेवलं, पेनाचं टोपण उघडून. "सोमवारी त्यांना द्यायचंय. तू आज रात्री वाचून ठेव, उद्या सही कर."

"आणि आधीचा माल?"

"आई, तुला यातलं कळत नाही," तो म्हणाला. मग जरा थांबून, खालच्या आवाजात, "आणि तारीख कोण सांगणार? कुणालाच माहीत नाही केव्हापासून."

तो वाईट मुलगा नाही. तो घाबरला होता. घाबरला की बाबांसारखाच अंगठ्याचं नख दुसऱ्या नखाने खरवडतो. त्याला मी त्याच वेळी सांगायला हवं होतं, मला तारीख माहीत आहे. पण कलशाला लावलेला हात मला माझ्या हाताला चिकटल्यासारखा वाटला. एका बाजूला देवीसमोर दिलेला शब्द, दुसऱ्या बाजूला कुठल्या तरी उतारावरचं न दिसणारं चाक, आणि मध्ये मी, जिने आयुष्यभर शब्द न मोडणं हेच पुण्य मानलं. आणि याच्याखाली आणखी एक गोष्ट होती, ती मला हात धुताना कळली. नूरबानूचा शब्द राखायचा म्हणून मी गप्प नव्हते. 'तुम्हाला माहीत होतं का' याला 'हो' म्हणावं लागू नये म्हणून गप्प होते. मोडायचं असतं तर काय लागलं असतं? एक जेवण. पान सोडून उठायचं. मैनाआत्यांनी किंमत स्पष्ट सांगून ठेवली होती.

चारला मी निघाले. घरी न जाता बसने मनपाच्या स्टँडला, तिथून चालत कसब्यात. गल्ल्यांतून तांब्याच्या ठोक्यांचा आवाज आता तुरळक येतो, बहुतेक जागी फोनची दुकानं झाली आहेत. मैनुद्दीनचं घर एका बोळाच्या टोकाला, पहिल्या मजल्यावर. नूरबानू जिन्यावर तांदूळ निवडत बसली होती. मला पाहून उठली, "या वहिनी," म्हणाली, आणि माझा चेहरा बघून ताट खाली ठेवलं. मी जिन्यावरच सांगितलं. आत गेले असते तर चहा झाला असता आणि मी पुन्हा गप्प बसले असते. म्हटलं, "नूरबानू, मी तुला दिलेला शब्द परत घ्यायला आले. मला अभिनवला सांगायला हवं. तारखेसकट."

ती म्हणाली, "तुमच्या देवीसमोर बोललात तुम्ही. मी म्हटलं नव्हतं हात लावा म्हणून."

"नव्हतं म्हटलंस."

"तुम्ही एवढं रोजचं सोवळं-ओवळं करता, मला वाटायचं, ही बाई मरेल पण शब्द फिरवणार नाही. तुमचं नाव मी सगळीकडे असंच घेते." तिचा आवाज चढला नव्हता. "आता घरी पाठवणार ना यांना? शाल घालून?"

मला 'नाही' म्हणता आलं नाही. कारण ते माझ्या हातात आहे की नाही, हे मला माहीत नव्हतं, आणि आणखी एक खोटा दिलासा मला द्यायचा नव्हता. "ते मला सांगता येत नाही," मी म्हटलं.

"तिसरा गुरुवार म्हणाल तुम्ही," आतून आवाज आला. मैनुद्दीन दारात उभे होते, चौकटीला हात लावून. सगळं ऐकलं असावं. "वहिनी, तो गुरुवार हिचा. हिला तेव्हा कळलं. तुम्ही ती तारीख सांगितलीत तर चुकीची होईल."

नूरबानू त्यांच्याकडे वळली. "म्हणजे?"

"गणपतीची सुट्टी संपल्यावर पहिली भट्टी लावली, तेव्हा निळा आलाच नाही. मी म्हटलं, तार खराब आली. दुसरी लावली, तेव्हाही नाही. मग जरा जास्त वेळ ठेवू लागलो. थोडं थोडं." ते बोलता बोलता जिन्याच्या पायरीवर बसले, माझ्याकडे पाहत, पण माझ्या किंचित डावीकडे. "मग माझ्या लक्षात आलं, तार चांगली आहे. दसऱ्याला तुम्ही भट्टीला हळदकुंकू वाहिलंत, मी शेजारी उभा होतो, आणि मला वाटलं, आज मालकांच्या फोटोला सांगून टाकावं. फोटोला सांगणं सोपं. नाही सांगितलं." नूरबानूने तोंडावर हात घेतला. तिला हे माहीत नव्हतं. तीन महिने आधीपासून. मी जिन्याच्या कठड्याला धरून उभी होते आणि मनात हिशोब होत होता, गणपती म्हणजे सप्टेंबर, सप्टेंबर ते फेब्रुवारी, किती भट्ट्या, किती बोटाएवढ्या स्प्रिंगा, कुठल्या कुठल्या उतारांवर. माझ्या तारखेने मी मोकळी झाले असते आणि अर्धा माल रस्त्यावरच राहिला असता. खरं सांगितल्याचं समाधानही मिळालं असतं वर.

"प्रत्येक भट्टीतली एक स्प्रिंग मी काढून ठेवतो," ते म्हणाले. "मालकांनीच सवय लावली. खिळ्याला तारेत ओवून, मागच्या भिंतीला. चिठ्ठी नाही, पण क्रम आहे. त्या बाईला ते दिलं तर तिला मशिनवर सगळं कळेल, कुठपर्यंत चांगला, कुठून मेला. आज ती माझ्या मागे उभी होती ना, तेव्हाच मला कळलं होतं, हिला दिसतंय." ते थोडं हसले. "बरं वाटलं, वहिनी. खोटं नाही सांगत. साडेतीन तास कुणीतरी बघत होतं. तो टायवाला आला होता, तो मला हात मिळवून गेला, बघितलं नाही."

"तुम्ही तिला सांगाल?" मी विचारलं.

"सांगेन. उद्या नऊला, दादांच्या समोर. पण दादा काय म्हणतील मला माहीत आहे. म्हणतील, चाचांनी फसवलं. आणि ते बरोबर आहे. तेवढं ऐकून घ्यायला मला जरा..." वाक्य त्यांनी सोडून दिलं आणि खाली ठेवलेल्या ताटातले तांदूळ चाचपले.

"मी तुमच्या शेजारी उभी राहीन," मी म्हटलं. "तुमचं सांगून झालं की मी सांगेन, मलाही माहीत होतं. डिसेंबरपासून. आज दुपारी विचारलं तेव्हाही माहीत होतं." नूरबानू म्हणाली, "आता हात कशाला लावणार, वहिनी?" ती टोमणा मारत होती. तो मला मिळायलाच हवा होता. मी कशालाच हात लावला नाही. म्हटलं, "नऊला." आणि जिना उतरले. खाली बोळाच्या तोंडाशी, एका फोनच्या दुकानातून, मी झेरॉक्सच्या दुकानावरच्या त्या दीड खोलीला फोन लावला. रुपालीच होती. मी म्हटलं, उद्या नऊला याल का, केव्हापासूनचा माल संशयित ते सांगणारं माणूस आहे. "जेवण झालं का काकू?" तिने विचारलं. मी म्हटलं, "झालं." "मग येते," ती म्हणाली.

रात्रभर मला वाटत राहिलं, सकाळपर्यंत काहीतरी होईल आणि मला जावं लागणार नाही. मैनुद्दीनना ताप येईल. अभिनव आधीच पत्र पोचतं करेल. पहाटे उठून मी आंघोळ केली, देवापुढे बसले, आणि पहिल्यांदाच मला देवीच्या टाकाकडे वर बघवेना. तिच्यासमोर दिलेला शब्द मी मोडते आहे. ती रागावेल का, की तिला असले शब्द मुळात नकोच असतात, हे मला पन्नासाव्या वर्षीही माहीत नाही, आणि कुणाला विचारावं तेही माहीत नाही. जपाची माळ हातात घेतली आणि चौथ्या-पाचव्या मण्याला लक्षात आलं की मी नाव घेत नाही आहे, 'मलाही माहीत होतं' हेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणते आहे, वेगवेगळ्या आवाजांत, कुठला आवाज निघेल ते बघत. एकही पुरेसा मोठा नव्हता. आठ वाजले. पोथीचा आजचा अध्याय अर्धा राहिला होता. मी खूण घालून ती मिटली. तसं करत नाहीत. अभिनव टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आला. "आई, सही?" मी म्हटलं, "नऊला कारखान्यात ये. सगळे आहेत तिथे." "सगळे म्हणजे कोण?" "ये," मी म्हटलं. टेबलावर त्याचं पत्र होतं, पेन होतं. तो काहीतरी विचारत राहिला, मी चपला घातल्या. खालच्या रस्त्यावर माघातली थंडी होती, शाळेच्या रिक्षा भरून निघाल्या होत्या, एकामागून एक, मुलांच्या पाठपिशव्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेल्या. त्या सगळ्या जाईपर्यंत मी कडेला थांबले. मग पदर खांद्यावर घेतला आणि कारखान्याच्या दिशेने चालू लागले.